रेचे उचलून बाया निघाल्या तेव्हा

गड्यांनो, आज अमरावतीत एका शेटची फजिती पाहिली आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

चार दिवसांपासून मी त्याच्याकडे कापसाची ओझी वाहतो आहे. गेल्या हंगामात म्हणे त्याच्या अंगणात तीन बाया कापसातली सरकी काढायच्या, आता तीस. प्रत्येक बाई सरकी काढायचा आपला लाकडी रेचा घरून आणते आणि बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी घेते. आज बाजार होता.

शेटने हातातला सगळा पैसा नव्या कापसात घातला होता. वर स्वतःला मिरवायला एक दमणी गाडी आणि बैलजोडी घेतलेली. बैल मात्र देखणे, मी अर्धी सकाळ त्यांच्यापाशीच घालवली.

दुपारी शेट म्हणाला, "मुंबईची हुंडी येऊन राहिली. पंधरा दिवस थांबा."

त्या बायांतली सखूबाई म्हणाली, "आमी थांबू शेटजी, पन पोटाले कोन सांगन?"

"एवढा मोठा धंदा हाय माया! पैसा काय पळून चालला?"

"मंग आमीच चाललो."

तिनं रेचा डोक्यावर घेतला. मागोमाग सगळ्याच उठल्या. बाहेर अकोल्याला माल न्यायच्या गाड्या रिकाम्या उभ्या, आत सरकीसकट कापसाचा ढीग, आणि मधे हा मोठा धंदेवाला.

शेवटी त्यानं बायांना दारातच थांबवलं, बैलजोडी बाजारात मिळेल त्या भावात विकून टाकली आणि सगळ्यांची मजुरी दिली. तेव्हा कुठे रेचे खाली उतरले.

मजुरी आधी बाजूला काढावी, मग कापूस घ्यावा. एवढं कळायला तुमच्याकडच्या शेटांना किती बैल विकावे लागतात?