पोत दातात धरून

पोळ्यानंतरचा सोमवार. सासूबाईंचा खोकला हटेना, म्हणून छातीचा एक्स-रे काढायला त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. माझं लक्ष मात्र ठिकाणावर नव्हतं. मुलीच्या नागपूरच्या एक्स-रे कोर्सच्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस होता आणि "अशा पोरीले नवरा भेटत नाही," म्हणून सासूबाई अडून बसल्या होत्या.

एक्स-रे काढणारी तिशीतली बाई होती. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. प्लेट बसवली, दार लावलं, सासूबाईंचे खांदे पुढे ढकलले. पोत फोटोत येते म्हटलं, तरी त्या गळ्यातली काळी पोत काढायला तयार नव्हत्या.

"नोको काढू माय, दातात धर. सोडू नोको पण."

तेवढ्यात मी विचारलं, "हे काम मुलींचं आहे का हो?"

"काहून नाही, ताई? मी आसगावची. चिखलात धानाचा रोवणा कराले पोरगी चालते, मंग मशीनपाशी काहून नाही? अन् माह्या जागी माणूस असता, त मायनं पदर काढला असता का?"

सासूबाईंनी डोळे वटारले, पण तोंडात पोत होती.

"श्वास रोक, माय!"

बाहेर येताच त्या म्हणाल्या, "तिचं लगन झालं का, इचारून ये."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन नागपूरची पहिली एसटी पकडली.