पाठीला चेन असलेला सरदार

"चेन! अहो सरदार, चेन दिसतेय तुमची! चेन!"

बाई मैदानाच्या त्या टोकाला होत्या आणि मी या टोकाला. पण आवाज असा, की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाने त्या दिवशी जेवण टाकलं म्हणतात. मी मात्र खूश झालो. गळ्यातली सोन्याची चेन अंगरख्याबाहेर काढली, छातीवर नीट रुळवली आणि मिशीला पीळ दिला.

"ती नाही हो!" बाई तरातरा जवळ आल्या. "पाठीवरची. मराठ्यांचा सरदार, आणि मानेपासून कमरेपर्यंत प्लॅस्टिकची चेन. छान आहे. शत्रूला मागून उघडायला सोपं."

या बाई म्हणजे सदाशिव पेठेतल्या निवृत्त प्राध्यापिका. आयुष्यभर इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर म्हणाल्या, आता तो उभा करून दाखवू. जुन्या मराठी फौजेची छावणी जशीच्या तशी मांडायची, कपडे तसे, चुली तशा, हत्यारं तशी, आणि लोकांना त्यातून हिंडू द्यायचं, असा हा उद्योग. मी त्यांच्यात नवा. माझा जरतारी अंगरखा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला. पुण्यातल्या निम्म्या शाळांचे राजे स्नेहसंमेलनात त्यात बसून गेले होते; काखेत अजून एकाचा वास होता.

बाईंचा नियम एकच. "सोंग नको. त्या काळी जन्मला असतात तर या अंगाने, या डोळ्यांनी, या गुडघ्यांनी जे करून पोट भरलं असतंत, तेच इथे करायचं. लोक येतील त्या दिवशी मी स्वतः गिऱ्हाइकासारखी फिरेन. विचारल्यावर ज्याची ततपप होईल, त्याने उठायचं आणि सरळ पार्किंग सांभाळायला जायचं."

पार्किंग! आणि मी तर घरी आबांना सांगून बसलो होतो की, तुमचा लेक छावणीत उभा राहणार, बघायला या. आबा म्हणजे माझे वडील. नव्वदीला टेकलेत, पण माझी फजिती बघायला चंद्रावरसुद्धा चालत जातील.

मग सुरू झाला माझा शोध. आधी घोडेस्वार. वरातीचा घोडा आणला होता. मी रिकिबीत पाय घातला मात्र, घोड्याने मान वळवून मला आपादमस्तक पाहिलं आणि खाली बसला. खोटं वाटेल, पण त्याच्या मालकाला विचारा. तो अजून त्या घोड्याची माफी मागतोय. मग भालाईत झालो. चष्मा काढायला लावला, कारण तेव्हाच्या भालाइताला कुठला आलाय चष्मा. चष्म्याविना मी समोरच्या शत्रूवर जी झेप घेतली, तो शत्रू तंबूचा खांब निघाला. तंबू माझ्यावर, आणि तंबूवर सगळी छावणी हसून गडाबडा. शेवटी तोफेकडे गेलो. तिथे खडकीहून येणारे दोघे निवृत्त गृहस्थ. उभा जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलेला, म्हणून तोफेजवळ कुजबुजसुद्धा नियमाने करतात. मी गोष्टी सांगायला तोंड उघडलं, तसे एक जण म्हणाले, "आपण जरा लांब उभे राहता का? स्फोटक वस्तू एका ठिकाणी ठेवत नाहीत."

अखेर बाईंनी मला सतरंजीवर समोर बसवलं.

"आपण करता काय?"

"जुन्या स्कूटरी विकतो."

"चालणाऱ्या?"

"माझ्याकडून नेईपर्यंत."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आणि वडील?"

"हेडी होते. बैलबाजारात दलाली. कात्रजपासून पार पंढरीपलीकडचे बैल त्यांना वळखत."

"मग सरदारकीसाठी ही तडफड कशाला? बुणग्यांत या की!"

आता हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात, ते मराठी माणसाला सांगायला नको. बाजारबुणगे! नापास झालो की शाळेत मास्तर याच शब्दाने आरती करायचे. मी उठलोच. बाई म्हणाल्या, "बसा. फौजेबरोबर जो बाजार चालायचा, तो बुणगा. वाणी, लोहार, पखालजी, दलाल. शिलेदाराला घोडा स्वतःचा आणावा लागे. तो विकणारा माझ्या छावणीत कुणीच नाही. जो येतो त्याला सरदार व्हायचंय. माझ्याकडे आज सात सरदार आहेत आणि चहा करायला माणूस नाही."

घरी येऊन आबांपुढे भडास काढली. म्हटलं, मला बुणगा केला! आबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "सरदार घोडा कुनाकडनं घेत हुता?"

"दलालाकडनं."

"मंग कोन कुनाफुडं हात पसरीत हुता?"

माझ्या डोक्यात एकदम हजार दिवट्या पेटल्या. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात त्याखाली ओढला आणि बोटं धरली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा, आणि खरा सौदा कापडाखाली, बोटांनी. कुठलं बोट धरलं, किती धरली, कुठल्या पेरावर दाबलं, सगळ्याला अर्थ. बघणाऱ्याला वाटावं दोन म्हातारे हात शेकताहेत. आणि गंमत बघा, या कामाला डोळे लागतच नाहीत! चष्मा काढलेला मी या धंद्यात राजा. घोड्याचं वयही दातांवर अंगठा फिरवून सांगता येतं. माझं पोट, माझे गुडघे, माझी जीभ, माझा चष्म्याचा नंबर, सगळं जणू देवाने घोड्यांच्या दलालासाठीच घडवलं होतं.

लोक यायच्या दिवशी जाडंभरडं धोतर, बाराबंदी, मुंडासं आणि खांद्यावर आबांचंच उपरणं, अशा थाटात मी म्हातारी घोडी घेऊन बसलो. सातही सरदार ढोलाच्या तालावर तलवारी परजत होते. पहिल्या घटकेत गर्दी त्यांच्याकडे, दुसऱ्या घटकेत निम्मी, आणि नंतर ती माझ्याकडे अशी लोटली की सरदारांनाही पुढचं दिसेना, म्हणून तेही येऊन उभे राहिले. "हिच्या आजीने नर्मदा एका उडीत ओलांडली," मी सांगत होतो, "आणि अलीकडे चारा विसरला म्हणून परत आली!"

बाई आल्या. हात उपरण्याखाली घातला. बोटं थंडगार. त्या पावसापाण्याचं बोलत राहिल्या, मी चाऱ्याचं. मध्येच त्यांनी दडपून भाव पाडला; मी त्यांचं बोट सोडून दिलं आणि आकाशाकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली आणि बाजूला झाल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात दुसरा हात आत आला. खरबरीत, एका बोटाचं नख नसलेला. चष्म्याविना चेहरा धुरकट, पण तो हात मी झोपेतही ओळखला असता. आबा. आता एक बोट जरी चुकलं तरी पार्किंगच काय, घरसुद्धा बंद.

बोटं बोलू लागली. आबांनी भाव मातीत घातला. मी उचलला. त्यांनी घोडीचे दात पाहिले, हुंकार दिला, पुन्हा पाडला. मी नर्मदा काढली. त्यांनी माझं मधलं बोट असं पिरगाळलं की मी नर्मदा तापीपर्यंत आणून सोडली. एक सरदार तलवार खाली ठेवून उकिडवा बसला. किती वेळ गेला कोण जाणे, मी तर म्हणेन दोन ऋतू बदलले. आणि शेवटी आबांनी हात काढून घेतला, सौदा मोडला म्हणून बाजूला थुंकले आणि गर्दीतून चालू लागले.

बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या मुंडाशाची घडी नीट केली. "हे इथेच राहतील," म्हणाल्या. "कायमचे."

माझी छाती एवढी फुगली की बाराबंदीचे बंद तटातटा तुटले. बारापैकी तेरा.

संध्याकाळी आबांना स्कूटरवर मागे बसवून कात्रजकडे निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा राहवेना. मान वळवून विचारलं, "आबा, कसा काय वाटलो?"

"घोडी म्हातारी हाय," आबा म्हणाले. "न्हाई घ्यायची."