चीफचा कान आणि शंभर नंबरचं पेट्रोल

फिलिपिन्समधल्या आमच्या मियागाओत निवृत्त खलाशी दर तिसऱ्या घरात सापडतो. पण चीफ म्हणाल तर एकच, क्रिसांतो नुफाबल. तेवीस वर्षं त्यानं जहाजांच्या पोटात इंजिनं सांभाळली, त्यातली शेवटची नऊ मुख्य इंजिनियर म्हणून. घरी परतला तो पेन्शन, ढेरी आणि एक कान घेऊन. कोणाचा विहिरीवरचा पंप बिघडो, कोणाचं वॉशिंग मशीन कुरकुरो, चीफ येणार, डोळे मिटून कान लावणार आणि सांगणार, "बेअरिंग गेलंय." बहुतेक वेळा गेलेलं असतं. नसलं, तर तो गेल्यावर जातं.

जेद्दाला नर्स असलेल्या लेकीनं पैसे पाठवले आणि चीफनं हायब्रिड एसयूव्ही घेतली. सोबतच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की या गाडीला ९१ ऑक्टेन नंबरचं साधं पेट्रोल पुरे. चीफ म्हणाला, "ती पुस्तिका कारकुनांसाठी असते." त्याच्या गाडीत जाणार ते शंभर नंबरचंच, पंपावरचं सगळ्यात महागडं. मग रोज चर्चसमोरच्या बाकावर तेच पुराण, "इंजिन काय गोड वाजतंय! शंभरचं तेज आहे ते." एकदा तर चर्चच्या उतारावर त्यानं मला हा गोडवा ऐकवला, तेव्हा गाडी बॅटरीवर चालली होती आणि इंजिन चक्क बंद होतं. मी मान डोलावली. फुकट घरी सोडणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

आता चीफ स्वतः पंपावर कधी जायचा नाही. जहाजावर तेल भरून घेणं हे ज्युनियरचं काम, मग घरी ते बायकोचं. पुरिसिमा दर गुरुवारी बाजाराला जाताना टाकी भरून आणायची. चीफ मोजून शंभरचे पैसे द्यायचा, ती ९१ भरायची आणि मधला फरक घेऊन बिंगोला बसायची. याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. ज्या बाईच्या हातात तेवीस वर्षं नवऱ्याचा अख्खा पगार येत होता, तिला अचानक मोजून नोटा मिळायला लागल्या तर बोटं शिवशिवणारच की! हे मला ठाऊक होतं, मासळीवालीला ठाऊक होतं, चर्चची घंटा वाजवणाऱ्यालाही ठाऊक होतं. फक्त चीफच्या त्या नामांकित कानावर काही आलं नव्हतं.

एलेउतेरियो मोंतेक्लारो हा चीफचा बालमित्र. शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानंही त्याच महिन्यात तीच गाडी घेतली आणि पुस्तिकेबरहुकूम ९१ घालायला लागला. एके दिवशी बाकावर तो उसळला, "सांतो, लेका, तू पैसे जाळतोयस. जास्त नंबर म्हणजे जास्त ताकद नव्हे!"

"मास्तर, तू फळ्यावर इंजिनं काढलीस, मी आत शिरून आलोय."

"मग लाव पैज. दोन्ही गाड्या घाटापलीकडच्या सान होसेला जाऊन यायच्या. तुझ्या शंभरनं जास्त मायलेज दिलं तर जन्मभर शंभर भरीन. नाही दिलं, तर आजपासून तुला गावात कोणी चीफ म्हणायचं नाही. नुसता सांतो."

चीफचा चेहरा उतरला, पण चार माणसं ऐकत होती. "लावली," म्हणाला.

त्याच संध्याकाळी पुरिसिमा माझ्या ओट्यावर आली. "आता माझं कसं होणार?"

"काय व्हायचंय? त्या दिवशी तो स्वतः उभा राहून शंभर भरून घेईल. तुझे गुरुवार कोण उकरून काढतंय!" मी म्हणालो. सल्ला माझा, तेव्हा पुढच्या गोंधळात माझाही वाटा आहेच.

रविवारी प्रार्थना आटोपून अर्धं गाव पंपावर. जोवेलीन नावाची मुलगी तिथं पेट्रोल भरते. तिनं दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. चीफ नळीच्या तोंडापर्यंत वाकून शंभरचा आकडा वाचून आला. गाडीत त्याच्या शेजारी पुरिसिमा जपमाळ घेऊन बसली. गाड्या गेल्या, घाट चढून सान होसेला पोहोचल्या, परत आल्या. जोवेलीननं पुन्हा टाक्या भरल्या. मास्तरला लागलं पाच लिटर आठशे मिली, चीफला पाच लिटर नऊशे.

हशा पिकला. चीफनं मात्र डोळे मिटले.

"जातानाच मला कळलं होतं. इंजिन नेहमीसारखं वाजत नव्हतं, खरखरत होतं. हे शंभर नाही. शंभरच्या नळीतून ९१ सोडलंय!"

"चीफ, देवाशपथ, शंभरच आहे!" जोवेलीन पांढरीफटक पडली. गुरुवारचं तिला ठाऊक होतं, पण तिनं पुरिसिमाचं नाव काढलं नाही.

"सात महिने तुझं शंभर ऐकतोय मी! आजच कसा आवाज बदलला? मालकाला बोलाव."

मालक चपला फटकारत आला. लोकांसमोर पंपाची अब्रू जातेय म्हटल्यावर त्यानं चौकशीबिकशी केली नाही. "जोवेलीन, हिशेब घेऊन जा. उद्यापासून येऊ नकोस."

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि पुरिसिमा खाली उतरली.

"तिला काही बोलू नका. आजचं शंभरच आहे. सात महिने होतं ते ९१."

"म्हणजे?" चीफ.

"म्हणजे दर गुरुवारी."

"आणि वरचे पैसे?"

"बिंगो."

"जिंकलीस तरी?"

"एकदा. बादली."

मास्तर इतका हसला की त्याला हवेच्या मशीनला धरून बसावं लागलं. "सांतो! म्हणजे तू सात महिने ज्याला गोड गोड म्हणत होतास..."

चीफनं हात वर केला. आधी तो मालकाकडे वळला, "पोरीला कामावर ठेवा. खोट तिच्या पेट्रोलात नाही, माझ्या कानात आहे." मग बायकोकडे. मला वाटलं, आता फुटणार. पण ओठ थरथरले ते हसू दाबताना.

"मास्तर, पैज तुझी. मला चीफ म्हणू नका. पण गावाला चीफ तर हवाच ना? सात महिने ही गाडी पुस्तिकेप्रमाणे चालवली ती हिनं. मी नुसताच ऐकत होतो. चीफ ही."

गंमत म्हणून बोलला बिचारा, पण गावानं ते धरूनच ठेवलं. आता बाजारात लोक पुरिसिमाला हाक मारतात, "चीफ, आज खेकडे ताजे आहेत!" आणि मागून पिशव्या घेऊन येतो त्याला म्हणतात चीफचा नवरा. गुरुवारी पंपावर तोही जातो. जोवेलीन विचारते, "किती नंबरचं, चीफ?" सवयीनं त्याचं तोंड उघडतं. तोवर पुरिसिमा खिडकीतून बोट बाहेर काढून ९१ची नळी दाखवते, आणि दुसरा हात त्याच्यापुढे पसरते. बिंगोचे पैसे ती आता उघड मागून घेते.