मामांची टेप आणि माझी

माझे मामा शिंपी. चाळीस वर्षं एकाच खोलीत, एकाच टेबलाशी. गळ्यात पिवळी कापडी टेप, कानावर खडू आणि तोंडी एकच वाक्य, "माझं माप चुकत नाही." आणि खरं सांगते, चुकतही नव्हतं! मामांनी कापलेला शर्ट असा बसायचा, की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही.

घोडं अडायचं ते मी कापलेल्यापाशी. मामा माप घ्यायचे, आकडे सांगायचे, मी वहीत लिहायचे आणि मागच्या खोलीत माझ्या नव्या टेपने आखून कापायचे. त्यांच्याकडे शिकायला लागल्यापासून सहा महिन्यांत मी कापलेला एकूण एक कपडा घट्ट झाला. एकूण एक! मामांकडे कारणं तयार. "रेघेच्या आत कापतेस." मी रेघेबाहेरून कापून दाखवलं, तर म्हणाले, "मग शिलाई आत घेतेस."

मीही काही कमी नव्हते. मला पक्कं ठाऊक होतं, की मामा मुद्दाम आकडा कमी सांगतात. पोरीच्या हाती कटिंगचं टेबल जायला नको ना! एकदा हे डोक्यात बसल्यावर पुराव्यांना काय तोटा? आकडा सांगताना ते नुसते खोकले, तरी मला त्यात लबाडी दिसायची.

अशात बँडवाल्यांच्या अकरा कोटांचं काम आलं. मामांनी जाहीर केलं, "हे सगळे तू काप. नीट झाले तर टेबल तुझं. नाही तर जन्मभर काजं-बटणं." कार्यक्रम पाचला आणि मंडळी एक वाजता कोट घालून बघायला आली. ड्रमवाल्याने बटण लावलं आणि ते तुटून थेट मशीनखाली! दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

"काजं-बटणं," मामा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही खोटे आकडे सांगता!" अकरा माणसांसमोर मी ओरडले.

मामांचा चेहरा खाडकन उतरला. "मी? मग तूच घे माप."

मी ड्रमवाल्याची छाती मोजली. अडतीस. वहीत होते सदतीस. "बघा!" मी वही नाचवली. मामांनी गळ्यातली टेप काढून त्याच छातीभोवती गुंडाळली. सदतीस. मी डोळे फाडून बघितलं, सदतीसच होते.

"अहो, त्या दोन टेपा शेजारी ठेवा की," ट्रम्पेटवाला म्हणाला.

ठेवल्या. मामांची चांगली दीड इंच लांब निघाली! वर्षानुवर्षं ओढून ती ताणली होती. तिनेच मोजायचं आणि तिनेच कापायचं, म्हणजे चूक चुकीत जिरायची. माझ्या टेबलावर आली, की उघडी पडायची.

"तुझीच आखडली असेल," मामा म्हणाले. मी लोखंडी पट्टी आणून लावली. माझी टेप तंतोतंत जुळली. "हल्लीच्या पट्ट्यासुद्धा..." मामा पुटपुटले.

"ही आजोबांची आहे, मामा."

मामांनी आपली टेप गुंडाळून खिशात घातली. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. माझा हात बिघडलेला नव्हता! पण दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की मामाही लबाड नव्हते.

मग जी धांदल उडाली! कोटांना दाब, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, भरपूर सोडला होता, म्हणून वाचलो. ट्रम्पेटवाला शिवण उसवतोय, मी टाके मारतेय, मामा मशीन पळवतायत, ड्रमवाला इस्त्री फिरवतोय. साडेचारला अकरावं बटण लागलं आणि मंडळी दुकानाच्या पायरीपासूनच वाजवत निघाली.

"सहा महिने तू मला लबाड समजत होतीस?" मामांनी विचारलं.

"हो. चुकलं माझं."

"आणि मी तुला ढ." ते फळीवरच्या मापांच्या वह्यांकडे बघत बसले. "सगळ्यांची मापं नव्याने घ्यावी लागतील."

"आणि टेबल?"

"तुझंच. कोट झाले ना?" मामा उठले, माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. "माझ्यापासूनच सुरू कर. कंबर बत्तीस, लिही."

"मोजू तर द्या!" मी टेप गुंडाळली. "तेहेतीस. मामा, पोट आत ओढलंय तुम्ही."

"छे!"

मी टेप धरून तशीच थांबले. मामांचा चेहरा लाल झाला. मग एक लांब श्वास सुटला आणि टेप माझ्या बोटांतून सरकत गेली.

त्यांनी मान वाकवून स्वतःच आकडा वाचला.

"छत्तीस," ते म्हणाले. "लिही."