दत्ताच्या गिटारीला मी पाडलेलं भोक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. एकदा जसं घडलं तसं तोंडातून निघावं, एवढंच.

सुरुवात गिटारीपासून करतो. ते सोपं आहे — माणसांपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

दत्ता माझा कॉलेजपासूनचा मित्र. मूळचा कर्जतकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत, आणि तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सुरेखा. मी नगरला. लग्नसराईत आणि गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा असायचा — दत्ता गिटार, मी कीबोर्ड, आणि अधूनमधून त्याच्याकडून मागून घेऊन मीही गिटार. ती इलेक्ट्रिक होती, पण आतून पोकळ, तपकिरी, चकचकीत. पहिला बोनस मिळाला तेव्हा त्यानं पुण्यात जाऊन जुनीच घेतली होती. तिला तो स्वतःच्या रुमालानं पुसायचा.

मला एका गोष्टीचं वेड लागलं होतं. गिटारीच्या बुडाशी, तारा जिथे अडकवतात तिथे, साध्या पट्टीऐवजी स्प्रिंगचा दांडा बसवता येतो. दांडा दाबला की तारा किंचित सैल पडतात, सोडला की पुन्हा ताणतात, आणि सूर गळ्यातून आल्यासारखा हेलकावतो. मोबाईलवर ते बघून बघून मी दत्ताच्या मागे लागलो — आपण बसवू या. तो दर वेळी हसून टाळायचा. शेवटी एकदा शांतपणे म्हणाला, "हेमंत, तिला भोक पाडायचं न्हाई. हाय तशी ऱ्हाऊ दे."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं त्यानं. समजायला अवघड काय होतं त्यात?

त्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांचा पाय मोडला. तो रजा टाकून सुरेखाला घेऊन गावी गेला आणि गिटार माझ्याकडे ठेवून गेला. खोलीला कुलूप लागणार होतं, आणि माझ्यावर त्याचा भरवसा होता. मी त्याच आठवड्यात दांडा मागवला. बसवून वाजवून दाखवला की खूश होईल, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगू? त्याच्या खुशीचा विचार त्यात फार नव्हता. मला तो आवाज माझ्या हातून काढायचा होता.

एका रविवारी दुपारी शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. जुनी पट्टी काढली. नव्या दांड्याची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात — दोन सुतांचा फरक. तिथे थांबायला हवं होतं. मी नवं भोक पाडायला घेतलं, ड्रिल जुन्या भोकात घसरलं, आणि तरीही मी जाड स्क्रू घेऊन आवळत राहिलो. कट् असा आवाज झाला. मोठा नाही. बुडाच्या कडेला, लाकडाच्या रेषेनं, बोटभर चीर गेली.

मी स्क्रू उलटा फिरवून काढला आणि दांडा बाजूला ठेवला.

मग चिरेत गोंद भरला, फडक्यानं घट्ट बांधून ठेवलं, वाळल्यावर वरून तपकिरी बूटपॉलिश चोळलं. जुनी पट्टी परत लावली, तिच्याखाली भोक झाकलं गेलं. तारा सैलच ठेवल्या, कारण ताणल्या तर जोड उघडणार हे मला कळत होतं. कळत होतं — हे लक्षात असू द्या.

दत्ता परत आला तेव्हा मी गिटार सुप्याला पोचवायला गेलो. त्याची ड्युटी असताना गेलो. मुद्दाम? हो, मुद्दाम. त्याच्यासमोर गिटारीची पेटी उघडायची माझी हिंमत नव्हती. सुरेखावहिनींच्या हातात दिली, तारा प्रवासासाठी सैल ठेवल्यात म्हणालो, त्यांनी केलेला चहा प्यायलो आणि निघालो.

चार-पाच दिवसांनी दत्ताचा फोन आला. म्हणाला, की तारा लावताना पट्टीसकट बूड उखडून हातात आलं. गिटार उभी पडली की असंच फुटतं म्हणे, कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं होतं त्याला. मग त्यानं विचारलं, "तू दिलीस तवा धड हुती ना रं?"

हीच ती वेळ होती. फोनवर मला त्याचं तोंडही दिसत नव्हतं, म्हणजे सांगणं त्यातल्या त्यात सोपंच.

मी म्हणालो, "धड होती. वहिनींच्या हातात दिली."

दुसरं वाक्य त्यानं विचारलंही नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

पुण्याला नेऊन दुरुस्त करू या का, असं त्यानं पुढे विचारलं. मी म्हणालो, आता काही होणार नाही, उगाच हेलपाटा. दुरुस्त करणाऱ्याला फुटलेल्या लाकडात ते भोक दिसलं असतं ना.

दत्ता हात उचलणारा माणूस नाही, आरडाओरडाही करत नाही. तो गप्प होतो. वहिनी सांगत राहिल्या की मी पाडली नाही, आणि तो गप्प. पडली त्याचं त्याला एवढं नव्हतं; बायको तोंडावर खोटं बोलते, हे त्याच्या मनात बसलं. महिनाभर घरात जेवणापुरतं बोलणं. हे त्यानंच मला सांगितलं, आणि मी काय केलं? मान हलवत ऐकलं.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी एवढं फिरून आलो.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं मला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दत्ता समोर बसलेला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, माझ्याच हातून पडली असंल. झाडताना सरकवली हुती मी. तुमी दोघं मला माफ करा."

ती बाई न केलेली चूक कबूल करत होती. घरात पुन्हा बोलणं सुरू व्हावं म्हणून. दत्तानं मान खाली घातली, त्याचे डोळे भरले होते. दोघंही थांबले — मी काही बोलावं म्हणून.

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. होतं असं कुणाच्याही हातून."

मी त्यांना माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी — त्यांना.

त्या दिवसापासून ते दोघं पुन्हा नीट बोलायला लागले. पण दत्तानं गिटार सोडली ती सोडलीच. पुढे मी स्वतःची घेतली आणि तोच दांडा तिला नीट माणसाकडून बसवून घेतला. गणपतीत वाजवली तेव्हा दत्ता ऐकायला आला होता. लई गोड वाजतंय म्हणाला.

आता इतक्या वर्षांनी त्यांच्या घरात ती गोष्ट थट्टेची झाली आहे. परवा त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला गेलो होतो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, खोलीत पाहुणे दाटीनं बसलेले. दत्ता म्हणाला, "जपून गं. तुझ्या हातातून पडतं ते आमाला ठावं हाय." सगळे हसले. मुलगीही हसली, टाळी वाजवून. वहिनीही हसल्या, आणि ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरून पहिला कप माझ्यापुढे केला.

मी कप घेतला. मीही हसलो.