जोश्यांची लेक, जोश्यांची सून

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी ब्रायडी राहायची. धुराड्यातून काजळी पडली की ती कुंपणावरून ओरडायची, "डॉक्टर, धुणं आत घे, पाऊस येतोय!" आकाश लख्ख निळं असायचं. मी कानाडोळा करायचे आणि संध्याकाळी ओले टॉवेल पिळत बसायचे. बाई मूळची आयर्लंडातल्या मेयोची. कुणाला रांजणवाडी आली की लग्नातली अंगठी डोळ्यावर फिरवायची, एकटा मॅगपाय पक्षी दिसला की त्याला सलाम ठोकायची. माझ्या मुलांची ती आजीच होती. पण हे सगळं थोतांड आहे, असं मी तिला तोंडावर सांगायचे.

एकदा चहा पिताना तिने माझं माहेरचं आडनाव विचारलं. म्हटलं, "जोशी. आणि सासरचंही जोशीच."

ब्रायडीने कप खाली ठेवला. "अगं, लग्न होऊन जिचं आडनाव बदलत नाही, तिच्या हातच्या पावाने डांग्या खोकला जातो. तुझ्या हाताला गुण आहे!"

मी पोट धरधरून हसले.

त्याच हिवाळ्यात तिची नात ऊना खोकायला लागली. त्या वर्षांत डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल नाही नाही ते ऐकून तिच्या आईने लस टाळली होती. एका सकाळी ब्रायडी पोरीला कडेवर घेऊन दारात उभी. "पाव मागायला आलेय." ऊनाचे ओठ निळे पडले होते. माझं डोकंच फिरलं. "पाव कसला मागतेस? आधी गाडीत बस!" ती जागची हलेना. शेवटी पावाला लोणी फासून मी तिच्या हातात कोंबला आणि दोघींना हॉस्पिटलला नेलं. पोर ऑक्सिजनवर होती, पण वाचली.

"पाहिलंस?" ऊना घरी आल्यावर ब्रायडी म्हणाली.

मी भडकले. "ऑक्सिजनने वाचली ती! आणि जोश्यांकडे दिलेल्या जोश्यांच्या मुली आमच्याकडे ढिगाने आहेत."

"मग तिकडे या खोकल्याने कुणी मरतच नसेल."

"माझी धाकटी बहीण मेली," मी म्हणाले. "माझी काकू जोश्यांचीच लेक. तिच्याच मांडीवर गेली पोर. काकू अजून स्वतःला बोल लावते."

ब्रायडीचा चेहरा उतरला. माझे हात धरून ती म्हणाली, "तिचा काय दोष गं? पाव मागायचा असतो. तो तिच्याकडे कुणी मागितलाच नाही."

मला रडूच कोसळलं.

रविवारी पुण्याला फोन लावून मी काकूला ब्रायडीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."