मीठ बराबर हाय का?

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि हाताला माशाचा वास.

आज वर्ष झालं.

अण्णा म्हणजे माझे चुलते. पक्के माळकरी. जन्मात मासा तोंडात घातला न्हाई.
आणि मोसंबीच्या बागेतल्या शेततळ्यात रोहू-कटला पाळले.

गावानं लय खिल्ली उडवली. गळ्यात माळ अन् तळ्यात गळ, म्हणायचे.

कारण एकच. ऑपरेशननंतर काकू उठेना. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन कमी पडून राह्यलं.
काकू माहेरी मासे खायची. लग्न झालं अन् सोडले.
अण्णानंच परत सुरू केले. घरात चालत न्हाई, म्हणून शेतात तीन दगडांची चूल.

पेंड माशाला, मासा काकूला, तळ्याचं हिरवं पाणी मोसंबीला. "वाया काय चाललंय ते दाखव," म्हणायचे.

कापणार मी, रांधणार अण्णा.
पण माळकरी माणूस चव कशी बघणार?
काकूला विचारून उपयोग न्हाई. ती खारटलाबी बराबर म्हणायची.

म्हणून दर रविवारी मी. संभाजीनगरहून बदनापूर, तिथून शेत.
अण्णा पळी पुढं करायचे. "मीठ बराबर हाय का?"

त्या रविवारी मी गेलो न्हाई.
काम-बिम काई नव्हतं. लोळत पडल्तो.

अण्णाचा फोन आला. "आज चाखायचं कोणी रे?"
"टाका ना अंदाजे," म्हणलं अन् कट केला.

मासाबी त्या दिवशी त्यांनीच कापला.
दुपारी चुलीपाशीच गेले. अटॅक.

तेरावं झालं अन् काकूनं माळ घातली.
मासे बंद. आता बाजेवरून उठताना भिंत धरते.

आज मुद्दाम गेल्तो. एक कटला काढला, कापला. वाटलं, आजच्या दिवशी तरी खाईल.
तिनं मला चुलीपासून उठवलं. स्वतः रांधलं.

"एक घास घे ना, काकू."

तिनं माळेला हात लावला.
मंग पळी माझ्यापुढं केली.

"मीठ बराबर हाय का?"

मीठ टाकलंच नव्हतं.

"बराबर हाय," म्हणलं.
सगळं खाल्लं. एकट्यानं. काकू बघत बसली.

अण्णा, त्या दिवशी राम राम न घालताच फोन ठेवला.
आज घ्या.

राम राम.